हा ओरखडा जुना आहे

नाही नाही, तुम्ही उतरू नका, बसा, बसून राहा — ब्रेकवर पाय ठेवा, हां, तसाच, आणि मी सांगेन तेव्हा स्टिअरिंग वळवा, सांगेन तेव्हाच हं — खड्डा काय हो, कुणालाही लागतो, त्यात तुमची चूक आहे असं मी म्हणतोय का? नाही म्हणत. तुमच्या जागी स्टिअरिंगवर मी असतो तर मला तो दिसला असता, एवढंच, पण ते जाऊ दे. गाडी तुम्हाला नवीन, घेण्याआधी एक चक्कर मारून बघतो म्हणालात, मी म्हटलं मारा, बिनधास्त मारा, आता मीच कुरकुर करण्यात काही अर्थ नाही. आणि प्रश्न खड्ड्याचा नाहीच. प्रश्न आवाजाचा आहे. दोन आवाज आले, ऐकलेत तुम्ही? पहिला ‘धाड’ — तो चाकाचा, त्याची मला काळजी नाही — पण त्याच्या मागोमाग एक बारीक ‘कट्’ आला. कट्. कोरडा. असं काहीतरी तडकल्यासारखं. आता चार वर्षं ही गाडी माझ्याकडे आहे, हिचा एकेक आवाज मला पाठ आहे, उजवी काच खाली करताना कुठे कुरकुरते ते मी झोपेत सांगेन. हा ‘कट्’ मी आयुष्यात कधी गाडीत ऐकलेला नाही. तो कुठून आला ते सापडल्याशिवाय मी इथून हलणार नाही, आणि तुम्हालाही हलू देणार नाही. हँडब्रेक ओढलाय ना? शाब्बास.

हे काय, आरसा बघून दचकलात? दात बघायचा आरसा आहे, हो. फोनवर म्हटलं नव्हतं का तुम्हाला, मी दातांचा डॉक्टर — तुम्ही नाही का म्हणालात, मी फरशीवाला, तेव्हाच म्हटलं मी — तर हा आरसा गाडीसाठी वेगळा काढून ठेवलाय, पेशंटचा नाही. म्हणजे आधी पेशंटचाच होता, पण आता नाही. चाकाच्या मागे, बंपरच्या पोटात, जिथे मान जात नाही तिथे हा जातो. डोक्याला दिवा, हातात आरसा, खाली चटई — चटई डिकीतच असते, डिकीत तसंही दुसरं काही मावत नाही — की झालं काम. गॅरेजवाले नुसते वरून टायरला लाथ मारतात आणि म्हणतात, काही नाही साहेब. लाथ मारून दात कळतो का? आत डोकावावं लागतं. आणि तुम्ही मधेमधे बोलत नाही हे फार बरं आहे, मला सवयच आहे त्याची. दिवसभर माझ्यासमोर माणसं आ करून पडलेली असतात, मी विचारतो, काय मग, मुलगी कितवीला गेली? — तोंडात कापूस, बिचारे म्हणतात ‘आँ’, आणि मी समजतो काय ते. तीस वर्षं झाली. आमची ही म्हणते, तुम्हाला उत्तर न देणारीच माणसं आवडतात. काहीतरीच असतं तिचं.

वळवा. डावीकडे. अजून, अजून, बस. टायरला फुगा नाही — हात फिरवून बघतोय मी सगळीकडून — नाही, फुगा नाही. चाकाच्या कडेला — अरे. अरे अरे अरे. हे बघा. नाही, तुम्हाला तिथून दिसणार नाही, राहू द्या. कडेला टवका उडालाय, तांदळाच्या दाण्याएवढा. आता हे आत्ताचं असेल तर — मी तुम्हाला काही म्हणत नाही, पण चक्कर मारणाऱ्याच्या हातून झालं तर ते त्याचंच म्हणायला हवं, हो की नाही? एक मिनिट. आत माती बसलीये. माती बसलीये म्हणजे जुनं. जुनंच आहे हे. म्हणजे जुनं म्हणजे अगदी जुनं नाही, मी जाहिरातीत लिहिलंय ना ‘एकही ओरखडा नाही’, ते खरंच आहे, कारण हा ओरखडा नाही, टवका आहे. तुम्ही फरशीवाले, तुम्हाला फरक कळतो. बरं, समजा जुना आहे, तर मग मी लपवला असं होतं. आणि नवा आहे म्हटलं तर तुम्ही रागावून निघून जाल. म्हणजे आली का पंचाईत! आपण असं करू, हा आपण पाहिलाच नाही. गाडी तुम्ही घेणार, मी देणार, मधे हा टवका कशाला?

कारण गाडी आज जायलाच हवी, आता तुमच्यापासून काय लपवू — म्हणजे लपवण्यासारखं काही नाही, घरगुती आहे. आमची ही सध्या तिच्या ताईकडे आहे. वडील आजारी आहेत तिचे, ते तिथेच असतात, मुलगी बापाच्या सेवेला जाणारच, त्यात काय? दोन महिने झाले. तसं जाताना ती म्हणाली की ती गाडी दारातून गेल्याशिवाय मी परत येणार नाही, पण ते रागाच्या भरात म्हणाली. नंतर शांतपणे पण म्हणाली. काल म्हणाली, हे पाचवं गिऱ्हाईक आहे, ह्याच्यात पण काही खोट काढलीत तर मी काय समजायचं ते समजेन, आणि आता मला फोन करायचा तो ‘गाडी गेली’ एवढं सांगायलाच करा, एरवी करू नका. एरवी करू नका! तीस वर्षांच्या संसारानंतर! आणि मी खोट काढली म्हणते — अहो, पहिला माणूस आला त्याच्या पाचही बोटांत अंगठ्या. स्टिअरिंगचं चामडं राहिलं असतं का? दुसऱ्याकडे कुत्रा. तिसरा म्हणाला, ‘मुलाला शिकायला घेतोय.’ शिकायला! हिच्यावर! आणि चौथा — चौथ्याला मी का नाही दिली बरं? काहीतरी होतं त्याच्यात. हसत होता फार.

उजवीकडे वळवा आता. सावकाश. तुमची बोटं मी दारातच बघून घेतली, नखं कापलेली, अंगठी नाही, तेव्हाच मनात म्हटलं, हा माणूस चालेल. थांबा, जरा आत सरकतो — आई गं, कंबर — हां. बंपरचं पोट. इथे ओरखडे आहेत, ते मी आधीच सांगतो, हे आत्ताचे नाहीत, एका खड्ड्यात माणूस एवढे ओरखडे पाडूच शकत नाही, तुम्ही कितीही ठरवलंत तरी. हे तीन बारीक, ते आमच्या सोसायटीच्या उतारावरचे. हा लांबडा, तो साडूच्या बंगल्यासमोरचा, त्यानं मुद्दाम तिथे उंचवटा करून घेतलाय, त्याला काय, त्याची गाडी सात माणसांची, चढायला पायरी लागते. गाडी आहे का बस आहे? सगळं सासर भरून फिरतो. त्यानं ती घेतली आणि पुढच्याच महिन्यात मी ही घेतली. योगायोग. लोक काहीही बोलतात. ही म्हणाली, नाकापेक्षा मोती जड कशाला करून घेता, दोनच माणसं बसतात तिच्यात — मी म्हटलं, अगं आपण दोघंच तर आहोत! ह्यावर ती उठून आत गेली. आणि हा मोठा, खोल, हा सासऱ्यांचा.

सासऱ्यांचा म्हणजे सासऱ्यांनी पाडलेला नाही हो, ते बिचारे नुसते बाजूला बसले होते. दवाखान्यात नेत होतो त्यांना. तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले होते चार दिवस. सकाळी चहा पिता पिता कप हातातून सुटला आणि तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं. आता मला सांगा, कवळी मीच केलेली, स्वतःच्या हातानं, माझ्या मनात पहिलं काय येणार? मला वाटलं, कवळी सरकली. माणूस आपल्या कामाचाच विचार करतो आधी. मी कवळी काढली, धुतली, परत बसवली — तोंड तसंच. ही ओरडायला लागली, अहो कवळी कसली बघताय, हात उचलला जात नाहीये त्यांचा! मग मात्र मी वेळ घालवला नाही. म्हटलं, माझ्या गाडीतून नेतो, हिच्याइतकं लवकर कोण नेणार? ही आणि सासूबाई बसणार कुठे, त्या भाड्याच्या गाडीनं मागून येतो म्हणाल्या. मी निघालो. काय निघालो म्हणता! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी गाडी काय पळत होती, सासऱ्यांनासुद्धा आवडलं असेल. आणि पुलाच्या अलीकडे, धाड.

आता गाडीखालून काही गळत असेल आणि तसंच पुढे नेलं तर मधेच बंद पडेल की नाही? पडेल. मग पेशंटचं काय? तेव्हा उतरून बघणं हे पेशंटच्याच हिताचं होतं, हे कुणीही कबूल करेल. तुम्ही करता ना? बघा. मी उतरलो, चटई टाकली, बघितलं. पटकन. चारपाच मिनिटं. ही म्हणते अकरा. अकरा कसली? आणि तिला काय माहीत — माहीत आहे म्हणा, त्यांची भाड्याची गाडी तेवढ्यात तिथून गेली. तिनं काचेतून पाहिलं, मी चटईवर, पाय बाहेर, आणि बाप आत मान टाकून बसलेला. ड्रायव्हरला थांबवून मागे येईपर्यंत, म्हणते, तुम्ही खालून बाहेर आला नव्हतात. मी म्हटलं, अगं मी त्यांना विचारलं होतं, बाबा, बरं आहे ना? ते काही म्हणाले नाहीत. आता नाही म्हणाले तर मी काय समजणार? ती म्हणाली, त्यांची वाचा गेली होती हो. हे मला नंतर कळलं. आता येतं थोडं थोडं बोलता, पण शब्द सापडत नाहीत त्यांना, ‘पाणी’ म्हणायला जातात आणि ‘पायरी’ म्हणतात, मग स्वतःच रडतात. मोठे डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. थोडं म्हणजे किती ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

असो. कुठे होतो आपण? ‘कट्’. तर खाली काही तुटलेलं नाही. स्प्रिंग ठीक, नटबोल्ट जागेवर, गळती नाही, सगळं कोरडं आहे — मी बाहेर येतोय, जरा पाय सांभाळा, हां. म्हणजे बाहेरचं नाही, आतलं आहे. काय हो, तुम्ही रुमाल का धरून बसलात तोंडाला? वास येतोय का? पेट्रोलचा? नाही? मग घाम असेल, एसी लावा की, बटण ते — ते नाही, ते सीट गरम करायचं — ते, बरोबर. तर मला वाटतं समोरच्या काचेच्या कडेला काहीतरी तडकलं असेल, कारण आवाज वरून आला, तुमच्या बाजूनं आला, अगदी तुमच्या तोंडासमोरून आला म्हणा ना. तुम्ही मान पुढे काढून चालवता हे मी तेव्हाच बघितलं होतं, अगदी स्टिअरिंगवर हनुवटी. ते बरं नाही, ह्या गाडीत मागे टेकून बसायचं असतं. जरा गुडघे तिकडे घ्या, मी पायाखाली बघतो. उजेड पाडतो. चटई काळी आहे, काही पडलं असेल तर — आहे! आहे! सापडलं! हलू नका. चिमटा, चिमटा कुठे ठेवला मी? हां.

हे बघा. तुकडा. पांढरा. मी म्हटलं नव्हतं? म्हटलं होतं ना मी! आता प्रश्न असा की हा कशाचा. कडा धारदार आहेत, ताजा तुटलाय, माती नाही, काही नाही, म्हणजे हे आत्ताचंच आहे, हे मात्र तुम्हाला मान्य करावं लागेल. प्लास्टिक नाही, प्लास्टिक एवढं कडक नसतं. काच नाही. रंग बघा, पांढराशुभ्र नाही, किंचित पिवळट, आमच्या धंद्यात ह्या रंगाला ए-तीन म्हणतात. गाडीत ह्या रंगाचं काय आहे? मीटरची चौकट काळी. गिअरचा गोळा काळा. वरचं कापड करडं. गाडीत पांढरं काहीच नाही! कमाल आहे. आणि एक बाजू कशी गुळगुळीत, चकचकीत, ही बाजू खरबरीत. तुम्ही सांगा, तुम्ही फरशीवाले, ही पॉलिश कसली असेल? मान काय हलवता, बोला की — थांबा, फोन.

हिचा आहे. तिनं केला! मी नाही केला हं, तिनं केला, तुम्ही साक्षीदार आहात. हॅलो. हो गं, हो, आलेत, फरशीवाले, चांगले आहेत, मला पसंत आहेत. देतोच आहे. अगं देतोय म्हणतो ना, नक्की, आता फक्त एक छोटासा, म्हणजे चक्कर मारताना खड्डा लागला, तेवढं बघतोय. नाही, जोरात नाही. जरा जोरात. काय? कुणाला लागलं का? कुणाला म्हणजे? मी ठणठणीत आहे. ते? ते काय, ते मजेत आहेत, बसलेत, काही बोललेले नाहीत. काहीच नाहीत बोललेले. हो, तेव्हापासून. अर्धा तास झाला असेल. बरं, बरं, चिडू नकोस, विचारतो, आत्ता विचारतो, फोन चालू ठेव. अहो, ही विचारतेय, तुम्हाला कुठे लागलं-बिगलं तर नाही ना? रुमाल का — काढा बघू रुमाल. काढा हो. अरे, लाल झालाय की सगळा. आ करा. मोठा. अजून. दिव्याकडे तोंड करा.

वरचा, समोरचा, उजवा. खालचा कोपरा पूर्ण गेलाय, आणि ओठ आतून फाटलाय. हे जुनं आहे का? नाही, विचारतो आपलं, पुष्कळांचं जुनं असतं आणि नंतर सांगतात — आत्ताचं? स्टिअरिंगवर आपटलात? थांबा. थांबा, थांबा, एक मिनिट. म्हणजे हा तुकडा — म्हणजे तो ‘कट्’ — अहो, मग तो तुमचाच होता की! दाताचा! मी सगळी गाडी पालथी घातली आणि निघाला दात! सुटलो बुवा! हुश्श! माझा जीव असा टांगणीला लागला होता — ऐकलंस का गं? काही नाही, काही झालेलं नाही, गाडीचं नव्हतंच ते, ह्यांचा दात तुटलाय नुसता! गाडी अगदी —

हॅलो.

अगं, नुसता म्हणजे तसं नाही. ऐक तरी. हॅलो. मी बघतोय ना आता, मीच बघतोय, माझंच काम आहे हे, हॅलो. ठेवला. नेटवर्क गेलं असेल. थांबा, लावतो परत, तुम्ही रुमाल दाबून धरा. वाजतोय. वाजतोय. कापला. पुन्हा लावतो. बंद. बंद कसा असेल, आत्ता तर वाजत होता. तुम्ही पण काय हो, एक शब्द बोलायचात! दाराला हात लावून खूण करायचीत! मी आत डोकावून गेलो, तुमच्या गुडघ्याला डोकं लागलं माझं, तरी तुम्ही ढिम्म. आता तुमच्यामुळे तिला वाटलं असेल की मी — तुमच्यामुळे कसलं म्हणा. तुम्ही काय करणार. मी बोलूच दिलं नाही तुम्हाला.

हा घ्या तुकडा, रुमालात नको, ह्या डबीत. जोडून मिळतो, कळणारसुद्धा नाही कुणाला. इथून सरळ गेलात की कोपऱ्यावर माझाच दवाखाना आहे, आत बाई बसलेल्या असतील, त्यांना म्हणा डॉक्टरांनी पाठवलंय, त्या ओठाला बर्फ देतील, नाव लिहून घेतील. मी येतो. येतो मी, मला जरा बसू द्या इथे ह्या दुकानाच्या पायरीवर. मग आरसा, चिमटा, चटई गोळा करतो आणि येतो.

काय? किल्ली का दाखवताय? गाडी? अजूनही घेणार म्हणता? दात तुटूनसुद्धा? भला माणूस आहात हो. पण नाही. नको. तिला फोन करून सांगायला विकत होतो मी, गाडी गेली म्हणून. आता विकून फोन कुणाला करू? राहू दे किल्ली तिथेच. उतरा तुम्ही, सावकाश उतरा, पाय आधी बाहेर काढा. जा, कोपऱ्यावरच आहे, चालत गेलात तरी पाच मिनिटं. आणि दार आपटू नका.